‘प्रकाशाची नदी’ कुठली, आणि आपलं धुकं पिठूळ का होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधलं अमेरिकी चित्रकार फ्रेडरिक एडविन चर्च यांचं ‘एल रिओ दे लूस’, म्हणजे ‘प्रकाशाची नदी’, हे १८७७ चं चित्र इंटरनेटवर पाहिलं आणि हललोच. ही नदी कोणती? चित्र जागेवर बसून केलंय की फोटोवरून? धुक्यातला तो उजेड कसा आणला असेल? मी पहाटे वाशिष्ठीच्या काठावर बसून तैलरंगात काम करतो. माझं धुकं पीठ शिंपडल्यासारखं पांढरं दिसतं, उजेड काही येत नाही.”

तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे हे मला कळतंय. तीसेक वर्षं निसर्गचित्रं करतोय आणि शिकवतोय, आणि पिठूळ धुक्याची तक्रार दर हिवाळ्यात कुणीतरी घेऊन येतंच. पण आधी नदीबद्दल बोलू द्या. नदीचं कोडं सुटलं की उजेडाचं अर्धं कोडं आपोआप सुटतं.

ही नदी नकाशावर शोधायला जाऊ नका. चर्च यांनी दक्षिण अमेरिकेचे दोन प्रवास केले. पहिला १८५३ मध्ये, एप्रिल ते ऑक्टोबर, सायरस फील्ड या उद्योजक मित्राबरोबर. अटलांटिकच्या तळातून तारेची केबल टाकण्यामागे पुढे जे उभे राहिले तेच हे फील्ड. तेव्हा चर्च जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. आजच्या कोलंबियाच्या किनाऱ्यावर उतरून ते माग्दालेना नदीतून वर गेले, तिथून खेचरांवरून बोगोटा, मग डोंगरातून दक्षिणेला इक्वेडोरमध्ये किटोपर्यंत. दुसरा प्रवास १८५७ चा. या वेळी सोबत लुई रेमी मिन्यो हे चित्रकार होते, आणि मुक्काम इक्वेडोरपुरताच होता. ग्वायाकिल बंदर, ग्वायास नदीचा रुंद, दलदलीचा मुखप्रदेश, आणि मग ज्वालामुखी. यानंतर चर्च दक्षिण अमेरिकेत परत कधीच गेले नाहीत. उष्ण प्रदेशात ते पुन्हा आले ते १८६५ मध्ये, जमैकाला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांची दोन लहान मुलं घटसर्पानं गेली होती. त्या दुःखातून ते पत्नीला घेऊन तिकडे गेले आणि दिवसच्या दिवस झाडं, वेली, ढग रंगवत राहिले.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. शेवटची दक्षिण अमेरिकी नदी पाहिली १८५७ मध्ये, चित्राखाली साल १८७७. मध्ये वीस वर्षं गेली. तेव्हा चर्च एक्कावन्न वर्षांचे होते, त्यांचं घर न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या टेकडीवर होतं, आणि संधिवातानं उजवा हात धरायला सुरुवात केली होती. पुढे ते डाव्या हातानं रंगवायला शिकले. म्हणजे खिडकीबाहेर हिवाळ्यात गोठणारी हडसन, आणि कॅनव्हासवर दमट, ऊबदार, पानांवरून पाणी ठिबकणारी सकाळ. माग्दालेनाचं पाणी गाळानं तपकिरी असतं. या चित्रातलं पाणी आरशासारखं थबकलेलं आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांना त्यात मुख्य प्रवाहापेक्षा ग्वायासच्या बाजूच्या एखाद्या शांत फाट्याची आठवण जास्त दिसते. झाडं मात्र कुठल्याही एका काठाची नाहीत. ती निरनिराळ्या वह्यांमधून उचलून इथे लावलेली आहेत.

वह्यांचं हे काम किती अफाट होतं याची कल्पना येण्यासाठी एकच आकडा देतो. चर्च यांच्या मुलानं १९१७ मध्ये वडिलांची रेखाटनं आणि तैलरंगातले अभ्यास न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाला दिले. ती दोन हजारांहून जास्त आहेत. त्यातली पेन्सिलची रेखाटनं जरूर बघा. बरीचशी आता संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहेत. एखाद्या झाडाची बाह्यरेषा असते आणि तिच्या पोटात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: कुठला भाग कुठल्या रंगाचा, कुठे उजेड, कुठे सावली. पुढे वापरायची म्हणून नोंद केलेली आहे. जागेवर बसून हा माणूस चित्र करत नव्हता, सामान गोळा करत होता.

फोटोंबद्दल विचारलंत. चर्च यांना छायाचित्रांचा चांगलाच नाद होता, त्यांच्या घरात त्यांचा मोठा संग्रह आजही आहे. पण १८५० च्या दशकातल्या फोटोत रंग नव्हता, आणि धुक्यातला सूर्य तर त्या काचेवर नुसता पांढरा डाग पडला असता. झाडाचा आकार फोटोतून मिळू शकतो. हा उजेड मिळत नाही. तो डोळ्यांत साठवून आणावा लागला असणार.

असं जुळवून केलेलं चित्र म्हणजे फसवणूक नाही का, असं कुणालाही वाटेल. मलाही विशीत वाटायचं. जे.जे.मधून ताजा बाहेर पडलो होतो, ‘स्पॉटवर केलं तेच खरं’ असा बाणा होता. आता तसं वाटत नाही. चर्च ज्या काळात हे करत होते त्याचा एक विचार होता आणि तो अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा होता. हम्बोल्ट स्वतः १८०१ मध्ये माग्दालेनातूनच वर बोगोटाला गेले होते. ‘कॉसमॉस’ या ग्रंथाच्या १८४७ च्या दुसऱ्या खंडात त्यांनी निसर्गचित्रणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. चित्रकारांनी उष्ण कटिबंधात जावं, तिथल्या वनस्पतींची रूपं जागेवर नीट टिपावीत, आणि मग त्या अभ्यासातून त्या प्रदेशाचं समग्र रूप उभं करावं, असा त्यांचा आग्रह होता. चर्च अक्षरशः या पुस्तकाच्या मागावर निघाले. १८५९ चं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ हे त्याचं मोठं फळ: दाट जंगलापासून बर्फाच्या शिखरापर्यंत सगळे थर एका चौकटीत. न्यूयॉर्कमध्ये पंचवीस सेंट तिकीट लावून ते एकटंच दाखवलं, तेव्हा महिन्याभरात बारा हजारांवर लोक आले. जवळून बघायला दुर्बिणी आणायला सांगितलं होतं! ते दहा हजार डॉलरला विकलं गेलं. चर्च यांना ते बर्लिनला पाठवून म्हाताऱ्या हम्बोल्टना दाखवायचं होतं. प्रदर्शन चालू असतानाच, ६ मे १८५९ ला, हम्बोल्ट वारले.

‘प्रकाशाची नदी’ त्याच पद्धतीनं जुळवलेली आहे, पण तिचा स्वभाव वेगळा आहे आणि म्हणून मला ती जास्त आवडते. ‘हार्ट ऑफ द अँडीज’ तुम्हाला सगळं दाखवतं. ही नदी बरंचसं झाकून ठेवते. मी हे चित्र दोनदा प्रत्यक्ष पाहिलंय, मुलीकडे मेरीलँडला गेलो होतो तेव्हा. त्या गॅलरीला तिकीट नाही, हवा तेवढा वेळ बसा. चित्र साधारण १३८ सेंटीमीटर उंच आणि २१४ सेंटीमीटर रुंद आहे. घराचा दरवाजा आडवा धरा आणि उंचीला बराच वाढवा, एवढं. मोबाईलवर जो पिवळा झगमगाट दिसतो तो तिथे नाही. तिथे दमटपणा दिसतो. सूर्य धुक्याच्या पडद्याआड विरघळलेला, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, काठाची झाडी पुढे गच्च आणि मागे मागे जात वाफेत बुडालेली. जवळ गेलं की पुढच्या झाडीतलं पान न् पान सुटं दिसतं. पाणपक्षी आहेत, लालसर छातीचा एक इवलासा हमिंगबर्ड आहे, आणि लांब एका होडीत एकटा माणूस. पुढची झाडी अशी वनस्पतीशास्त्राच्या शिस्तीनं रंगवलेली, आणि पाठीमागे मात्र काहीच पक्कं नाही. डोळा पुढच्या ओल्या पानांवर ठरतो आणि मग आपोआप त्या उजेडात ओढला जातो. मी बाकावर बसून हे कितीदा केलं असेल, दर वेळी तसंच झालं.

त्या होडीतल्या माणसाबद्दल मनात आहे ते बोलतो. चर्च आणि फील्ड माग्दालेनातून वर गेले तेव्हा ती नदी देशाचा मुख्य रस्ता होती. आगबोटी चालत होत्या. त्याआधीपासून आणि त्यांच्या बरोबरीनंही ‘चाम्पान’ नावाच्या छपराच्या मोठ्या नावा लांब बांबूंनी रेटत, प्रवाहाविरुद्ध वर नेणारे नावाडी होते, ‘बोगा’ म्हणत त्यांना. बरेचसे आफ्रिकी आणि स्थानिक वंशांच्या मिश्र समाजातले. वरच्या भागातला तंबाखू याच नदीनं समुद्राला जायचा. गोंगाट, घाम, हिशेब, डास, सगळं होतं. चर्च यांनी ते सगळं पुसून एक होडी ठेवली. चित्राच्या दृष्टीनं ती होडी नेमकी जागी आहे. तिच्यामुळे अंतर कळतं, ती काढली तर नदी निम्मी होईल. पण बाहेरून आलेल्या चित्रकाराला नदी जितकी एकांत वाटते तितकी ती तिथल्या माणसाला कधीच वाटत नाही. हे चित्रावर प्रेम करतानाही लक्षात ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं, विशेषतः तुम्ही-आम्ही, जे आपल्याच नदीवर बसतो, त्यांनी. वाशिष्ठीत वाळू आहे, मगरी आहेत, वर कोयनेचं वीज तयार करून सोडलेलं पाणी आहे. त्यातलं काय गाळायचं याचा निर्णय तुमचा, पण तो निर्णय आहे हे माहीत असू द्या.

जाता जाता एक गोष्ट. चर्च दुसऱ्यांदा इक्वेडोरला गेले त्याच १८५७ साली मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्या शाळेतून शिकून गेलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान पुढे आयुष्यभर पंचगंगा, रंकाळा, कोटितीर्थ एवढ्याच परिघात फिरले आणि तीच पाणी, तेच घाट, तीच झाडं वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. एक माणूस नदी वीस वर्षं आठवत राहिला, दुसरा रोज तिच्याकडे गेला. निसर्गचित्राला या दोन्ही वाटा लागतात. तुमची वाट आबालालांची आहे, पण तुमची अडचण सोडवायला चर्च उपयोगी पडतील.

तर, उजेड.

पहिलं काम: गॅलरीच्या संकेतस्थळावरून चित्राची मोठी प्रत उतरवून घ्या. फुकट देतात. ती मोबाईलमध्येच कृष्णधवल करा. आता एका कार्डाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि चित्राच्या निरनिराळ्या जागा त्या भोकातून बघा. आपल्याला वाटतं सगळं चित्र उजळ आहे. भोकातून बघितलं की कळतं, खरोखर उजळ असा भाग फार थोडा आहे, सूर्याभोवती आणि त्याच्या प्रतिबिंबात. उरलेलं सगळं मधल्या टोनमध्ये, म्हणजे उजळ आणि गडद यांच्या मधल्या पातळीवर आहे, आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच खाली. धुकंसुद्धा! धुकं पांढरं नाहीये. ते मध्यम टोनचं, किंचित उबदार राखाडी आहे, आणि ते पांढरं भासतं कारण त्याच्या पुढे खरे गडद रंग आहेत. तुमच्या चित्रात धुकं हीच सगळ्यात उजळ गोष्ट झालेली असणार. मग सूर्याला वर जायला जागाच उरत नाही.

दुसरं कारण तुमच्या पॅलेटवर आहे, आणि याचा बहुतेकांना पत्ताच नसतो. आपण सगळे टिटॅनियम व्हाईट वापरतो. हा रंग बाजारात आला तो १९२० च्या सुमाराला. चर्च यांच्या काळात पांढरा म्हणजे मुख्यतः शिशाचा सफेदा, आणि जोडीला झिंक. शिशाचा सफेदा टिटॅनियमच्या मानानं कमी झाकतो, थोडा उबदार असतो, तेलात त्याचा पातळ थर खालचं दिसू देतो. टिटॅनियमची झाकण्याची ताकद प्रचंड आहे. मोहरीएवढा मिसळला तरी रंग थंड आणि बंद होतो, आणि हाच तुमचा पिठूळपणा. शिशाचा सफेदा शोधत फिरू नका, तो विषारी आहे, आपल्या घरगुती स्टुडिओत तर नकोच. टिटॅनियमच वापरा, पण त्याला पांढरा रंग समजू नका. उजळ करायचं असेल तर आधी यलो ओकर हा मातकट पिवळा, मग नेपल्स यलोसारखा फिका पिवळा, आणि अगदी शेवटी सूर्याच्या दोन-तीन ठिपक्यांपुरता टिटॅनियम. नुसत्या झिंकनं काम करायचा मोह होईल, कारण तो पारदर्शक आहे. पण तेलात झिंकचा थर वर्षांनी ठिसूळ होतो आणि तडकतो, म्हणून त्याचं प्रमाण कमी ठेवा.

तिसरी गोष्ट समजावून सांगायला मी विद्यार्थ्यांना आमच्या गावच्या घरी घेऊन जायचो. मागच्या पडवीत पाण्याचा बंब आहे. सकाळी तो पेटवला की धूर आधी फणसाच्या काळ्या झाडीसमोरून जातो, मग कौलांच्या वर आकाशात. झाडीसमोर तो निळा दिसतो. तोच धूर, दोन हात वर, आकाशासमोर, तांबूस-पिवळट दिसतो. रंग धुराचा बदलला नाही, त्याच्या मागचा उजेड-अंधार बदलला. धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. मागे अंधार असेल तर विखुरलेला तो निळा आपल्याला दिसतो, मागे उजेड असेल तर निळा गळून उरलेला पिवळा पोचतो. धुक्याचे थेंब त्याहून मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून दाट धुकं पांढुरकं. पण पहाटेच्या विरळ, दमट हवेत दोन्ही चालू असतं. शिवाय सूर्य खाली असल्यानं त्याचा प्रकाश हवेचा लांब पल्ला ओलांडून येतो आणि वाटेतच बराच निळा गमावतो. म्हणून धुकं सूर्याच्या बाजूला सोनेरी आणि त्याच्या विरुद्ध बाजूला निळसर-जांभळं. तुम्ही दोन्हीकडे एकच रंग लावत असाल, तर उजेड कुठून येतोय हे चित्राला माहीतच नाही.

रंग लावण्यातही नेमकं हेच घडतं, आणि तैलरंगाची ही जादू मला अजूनही थक्क करते. गडद, वाळलेल्या थरावर फिका, अर्धवट अपारदर्शक रंग कोरड्या ब्रशनं अगदी पातळ घासला की तो निळसर, दूर गेलेला दिसतो, जणू बंबाचा धूर. आणि उजळ, वाळलेल्या थरावर पारदर्शक रंग तेलात पातळ करून पसरवला, म्हणजे ग्लेझ केला, की तो उबदार आणि खोल दिसतो. चर्च यांच्या पृष्ठभागावर ब्रशचे फटकारे शोधून सापडत नाहीत, इतका तो गुळगुळीत आहे. असा विरणारा उजेड माझ्या अनुभवात एका बैठकीत, ओल्यात ओलं मिसळून येत नाही. थरांमध्ये वाळायला वेळ द्यावा लागतो.

म्हणून तुम्ही असं करून बघा. कॅनव्हासला आधी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात द्या, पांढऱ्या कॅनव्हासवर टोन कधीच नीट जोखता येत नाहीत. झाडी पूर्ण गडद रंगवा, धुकं नाहीच असं समजून, अगदी लांबच्या काठाचीसुद्धा. हे करताना मन धजावत नाही, पण करा. आकाशाचा आणि पाण्याचा उजेडाचा भाग मात्र ओकर-पिवळ्यानं स्वच्छ ठेवा. मग कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून द्या. कोकणातल्या दमट हवेत तैलरंग सावकाश वाळतो, बोटाला चिकटत नाही तोपर्यंत पुढे जाऊ नका. आठवडा लागेल, पावसाळ्यात त्याहून जास्त. वाळल्यावर लांबच्या काठावर उबदार राखाडी घासा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, सर्वांत लांबच्या झाडीवर सर्वांत जास्त वेळा. जवळच्या झाडीला हात लावू नका. प्रत्येक हात आधीचा वाळल्यावरच. ज्या हाताला ‘अजून थोडं’ वाटेल तिथेच थांबा. उजेडाच्या भागावर शेवटी पिवळ्याचं अगदी पातळ ग्लेझ. तेलाचं प्रमाण थरागणिक वाढवत न्यायचं, खालचे थर टर्पेंटाईननं पातळ आणि वरचे जास्त तेलाचे. उलट केलंत तर काही वर्षांत वरचा थर भेगाळेल.

पाण्याबद्दल दोनच मुद्दे, पण ते चुकले की बाकी सगळं बरोबर असूनही चित्र कागदी दिसतं. उजळ गोष्टीचं प्रतिबिंब मूळ गोष्टीपेक्षा थोडं गडद असतं आणि गडद गोष्टीचं थोडं उजळ. सूर्य आणि पाण्यातला सूर्य सारखेच रंगवले की पाणी नाहीसं होतं. आणि लांबचं पाणी आरसा असतं, पायाजवळचं नसतं. नजर पाण्याला जितकी तिरकी लागते तितकं परावर्तन जास्त. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत फेकतं, म्हणून तिथे तळ दिसतो, गाळ दिसतो. वाशिष्ठीच्या काठावर बसलात की पुढचे दोन-तीन हात पाणी गढूळ हिरवट-तपकिरी करा, आकाशाचा रंग त्यात आणू नका. हा एवढा पट्टा खरा झाला की मागचा सोनेरी आरसा पटतो.

मिन्यो यांचं नाव वर आलं. तेही बघा. चर्च यांचे सोबती म्हणून त्यांना विसरलं जातं, पण ग्वायाकिलच्या नदीची, तिथल्या दलदलीची, धुक्यातल्या ताडांची त्यांनी केलेली चित्रं मला काही बाबतींत चर्च यांच्याहून जवळची वाटतात. त्यांचं शिक्षण हॉलंडमध्ये झालं होतं, पाणी आणि ओलं आकाश ही तिथली जुनी विद्या. ते थोडक्यात सांगतात. डेट्रॉइटच्या संग्रहालयात त्यांचं ग्वायाकिल नदीचं एक चित्र आहे. चर्च यांची नदी पाहून दडपून गेला असाल तर मिन्यो यांच्याकडे बसा, हात सैल होईल.

आता जागेवर बसण्याबद्दल, कारण तुम्ही ते सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण पहाटेचं धुकं अर्धा-पाऊण तास टिकतं, आणि तेवढ्यात तुम्ही कॅनव्हास भरायला बघता. मग घाईत पांढरा उचलला जातो. एक महिना रंगपेटी घरी ठेवा. वही, दोन पेन्सिली, भोकाचं कार्ड आणि थर्मास घेऊन जा. एक ते पाच आकडे ठरवा, एक म्हणजे सर्वांत उजळ, पाच सर्वांत गडद, आणि रेखाटनात प्रत्येक जागेवर आकडा लिहा. शेजारी शब्द: ‘इथे जांभळट’, ‘हा काठ पाण्यापेक्षा उजळ’, ‘धूर निळा’. वेळ लिहा. दर दहा मिनिटांनी नवं पान. माझ्या एका वहीत डिसेंबरातल्या एका सकाळची नऊ पानं आहेत. पहिल्या पानावर समोरचा काठच नाही, फक्त ‘३’ हा आकडा आणि त्याखाली होडीचा आवाज आल्याची नोंद. सहाव्या पानावर माडांचे शेंडे आहेत, बुंधे नाहीत. नवव्या पानावर सगळं आहे आणि चित्र संपलंय, धुकं उचललं. त्या नऊ पानांवरून मी चार वर्षांनी एक मोठं चित्र केलं, त्यात सहावं पान मध्ये आहे आणि नवव्या पानावरचं पाणी पुढे आहे. त्या सकाळी असं दृश्य कुठल्याच क्षणी दिसलं नव्हतं. गावातल्या एका म्हाताऱ्या तरवाल्यानं ते चित्र पाहिलं तेव्हा त्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर ‘भरती होती ना तेव्हा?’ होती. वहीत लिहिलेलं होतं.

भरती-ओहोटीची वेळ तुम्हीही लिहीत चला. खाडीच्या पट्ट्यात त्यावर पाण्याचा आरसा ठरतो. भरती थबकते तेव्हाचं पाणी सर्वांत स्थिर असतं, आणि ती वेळ सूर्योदयाशी जुळणारे दिवस महिन्यात मोजकेच असतात. पंचांगात तिथी बघून ते आधीच काढून ठेवा.